न्हावा शेवा : कागदावरचे बंदर आणि बेंजोची रात्र

व्यापारी घरांत न्हावा शेवा हे नाव रोज उच्चारले जाते. हळद असो, कांदा असो, तयार कपडे असोत वा यंत्रांचे सुटे भाग, निर्यातीच्या कागदपत्रांत माल चढविण्याच्या बंदराच्या रकान्यात हेच नाव लिहिलेले असते. मुनीमजींपासून नव्या पिढीच्या एमबीए झालेल्या मुलापर्यंत सर्वांच्या तोंडी ते बसलेले आहे. परंतु हे नाव ज्यांनी हजारदा लिहिले, त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते की ती दोन वेगळी गावे आहेत. न्हावा हे पनवेल तालुक्यातील खाडीकाठचे गाव आणि शेवा हे उरण तालुक्यातील. बंदराने त्या दोघांना एका नावात जोडले, आणि जोडताना त्यांतील एका गावाचा जुना वाडा जागेवरून उठविला.

पूर्वी मुंबईहून उरणला जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरावी लागे, किंवा पनवेलचा लांबचा वळसा घ्यावा लागे. आता चित्र पालटले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतच्या रेल्वेमार्गाचेही उद्घाटन झाले. त्या मार्गावर न्हावा शेवा नावाचे स्थानकही आहे. गाडीच्या खिडकीतून खाडी, खाजणातली झुडुपे, मधूनच मिठागरांचे चौकोन आणि त्यांच्यामागे आकाशाला टेकलेल्या अजस्र क्रेनची रांग दिसते. एकावर एक रचलेले रंगीत कंटेनर दुरून मुलांच्या ठोकळ्यांसारखे भासतात.

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी उभारलेले हे बंदर पाहता पाहता देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक झाले. परंतु ज्या भूमीवर ही भरभराट उभी आहे, ती ओसाड नव्हती. येथे आगरी आणि कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. आगर म्हणजे मीठ पिकविण्याची जागा, आणि आगरी म्हणजे ती कसणारा, अशी या नावाची सर्वपरिचित फोड. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, एका बाजूस मीठ आणि दुसऱ्या बाजूस खाऱ्या जमिनीतला भात घ्यायचा, ही येथील जुनी विद्या. घाटावरच्या पेठांत पूर्वी विकल्या गेलेल्या मिठाच्या गोणींशी या घामाचे नाते आहे, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

नव्या मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले, तेव्हा मोबदल्याच्या प्रश्नावर येथील शेतकरी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासई-नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. जुन्या शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात झाले. तेथील घरांना वाळवीने ग्रासले आणि फेरपुनर्वसनाची मागणी वर्षानुवर्षे चालू राहिली. बंदराच्या ताळेबंदात ही बाजू दिसत नाही. ती दिसते, किंबहुना ऐकू येते, ती गावच्या यात्रेत.

या पट्ट्यातील एका छोट्या गावात देवीच्या यात्रेची रात्र आहे. दिवसभर पालखी फिरली. आता मंदिरापुढील पटांगणात पाळणे, खेळण्यांची दुकाने, खाज्याचे आणि शेवेचे ढीग आणि गुलालाचा दरवळ आहे. एका कडेला बाकड्यांवर वयस्कर मंडळी बसली आहेत. त्यांना पाळण्यात रस नाही. ती वाट पाहत आहेत ती जुन्या बेंजो पथकाची. तिशी-चाळिशीच्या उंबरठ्यावर असल्यापासून हे वादक एकत्र वाजवीत आले आहेत, आणि आता त्यांतील प्रमुखाचे केस पूर्ण पिकले आहेत. कितीतरी घरांची हळद त्यांच्या वादनावर नाचली. ज्यांच्या हळदीला त्यांनी वाजविले, त्यांच्या मुलांच्या हळदीलाही त्यांनीच वाजविले.

बेंजो या वाद्याची कथा बंदराच्या गावाला शोभावी अशीच आहे. अमेरिकेच्या ग्रामीण संगीतातील बँजो वेगळा, तो चामड्याने मढविलेला आणि आफ्रिकी वंशाचा. आपला बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया येथील गोरो मोरिता यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ताइशोगोतो हे वाद्य तयार केले. ते हिंदुस्थानात आले आणि बुलबुल तरंग झाले. त्याला विजेची जोड मिळाली, आवाज चौकाचौकांत घुमू लागला आणि कोकणपट्टीच्या वराती, हळदी व यात्रा त्याने काबीज केल्या. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस असाच एक प्रवाह उगम पावला. गावाकडच्या गाण्यांना तरुण वादकांनी विजेची गिटार आणि ड्रम जोडले, आणि त्याला कंट्री रॉक असे नाव पडले. १९७१ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेला ईगल्स हा संच त्याच वळणाचा. तेथील म्हाताऱ्या संचांना ऐकण्यासाठी लोक आजही मैदाने भरतात. शेत, रस्ता, घर आणि दुरावलेली माणसे हे विषय तिकडेही तेच आणि इकडेही तेच.

पथक सजू लागते. मध्ये बेंजो, बाजूला की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड, मागे ढोल, ताशा, ढोलकी. प्रारंभी गणेशवंदना. मग कोळीगीतांच्या चाली. शब्द कोणी म्हणत नाही, बेंजोच म्हणतो. तरीही पटांगणातील बायका ओठांतल्या ओठांत सर्व ओळी म्हणतात. त्यानंतर फर्माईश येते ती नागिनीच्या सुरावटीची. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील ती पुंगी खरे तर पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या संगीतासाठी ती क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजविली होती. कच्छहून मुंबईत येऊन किराणा दुकान थाटलेल्या व्यापाऱ्याचे ते चिरंजीव. दुकानाची उधारी फेडता न आलेल्या एका ग्राहकाने पैशांऐवजी मुलांना संगीत शिकविले, असे सांगितले जाते. उधारी बुडाली म्हणून त्या दुकानदाराने खाते बंद केले असते, तर आज या पटांगणातील पोरे जमिनीवर लोळून नाग झाली नसती. बुडीत खात्यातून एवढी मोठी वसुली क्वचितच झाली असेल.

परंतु या पथकाचा स्वतःचा हिशेब अवघड आहे. सुपारीची रक्कम वादकांत वाटायची, त्यातून टेम्पोचे भाडे, जनित्राचे डिझेल, तारा, गणवेश आणि दुरुस्ती भागवायची. समोर स्पर्धा आहे ती डीजेची. तेथे एक माणूस, एक संगणक आणि ध्वनिवर्धकांची भिंत एवढ्यात काम होते. तरुणांना छातीत धडधडणारा आवाज हवा असतो. त्यामुळे पथकाच्या सुपाऱ्या आता बहुधा यात्रा आणि जुन्या ओळखीची घरे एवढ्यापुरत्या उरल्या आहेत. नवे वादक मिळणे त्याहून कठीण. प्रमुखाचा नातू की-बोर्ड उत्तम वाजवितो, पण तो कंटेनर यार्डात पाळीवर काम करतो. त्या रात्रीही त्याची पाळी आहे. साडेनऊच्या सुमारास तो की-बोर्ड झाकतो, आजोबांच्या पाया पडतो आणि मोटारसायकलवरून बंदराच्या दिव्यांच्या दिशेने निघून जातो. आजोबा त्याला अडवीत नाहीत. पगार घरात येतो, हे त्यांना समजते. त्यांनी आयुष्यभर वादन केले ते शेतीच्या आधारावर. शेती गेली, आता वादनाला आधार नोकरीचाच.

रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम आहे. दहाला पाच मिनिटे असताना प्रमुख शेवटची चाल धरतो. ती चित्रपटातली नाही आणि कोणत्या ध्वनिफितीतलीही नाही. ती आगरी लग्नांत धवलारीण गाते त्या धवल्याची चाल आहे. लग्नाचे विधी गाण्यातून सांगणाऱ्या या स्त्रियांची संख्याही आता कमी होत चालली आहे. पटांगण एकाएकी शांत होते. बाकड्यावरची एक आजी शेजारच्या नातीला हळू आवाजात सांगू लागते, की आपले शेत अमुक बांधाला लागून होते, मिठाच्या राशी अमुक ठिकाणी पडत आणि विहीर कोठे होती. त्या जागांवर आज कंटेनर उभे आहेत. सातबाऱ्यावरून ती नावे केव्हाच पुसली गेली. ती उरली आहेत ती या सुरांबरोबर जागी होणाऱ्या आठवणींत. पथक थांबले तर आजीला ती सांगण्याचे निमित्तही थांबेल.

दहा वाजतात. ध्वनिवर्धक बंद होतो. तरी ताशावाला दोन मिनिटे हलक्या हाताने काड्या चालवीत राहतो, आणि कोणी त्याला थांबवीत नाही.

माल पाहण्यासाठी, सीमाशुल्काच्या कामासाठी वा गोदामाच्या व्यवहारासाठी व्यापारी मंडळींचे उरणला नित्य जाणे-येणे असते. काम आटोपले की गाडी लगोलग सेतूवर चढते. चैत्राच्या सुमारास यात्रांचे दिवस असतात. त्या वेळी एक संध्याकाळ राखून ठेवावी, मुलांना बरोबर न्यावे, आणि कोणत्याही गावात बेंजोचा आवाज आला की उतरावे. घरी लग्नकार्य असेल तर डीजेऐवजी अशा पथकाला सुपारी द्यावी. ठरलेली रक्कम त्याच रात्री हातावर ठेवावी, कारण हे लोक उधारीवर जगू शकत नाहीत. ज्या भूमीवरून आपला माल जगभर जातो, त्या भूमीचे देणे फेडण्याचा हा एक साधा, रोखीचा मार्ग आहे.