कार्डावर तीन नावे

वर्धा नदी ही वणी तालुक्याची शीव. पलीकडे चंद्रपूर जिल्हा. २०२२च्या जुलैत वरच्या अंगाला निम्न वर्धा आणि बेंबळा धरणांतून पाणी सोडले गेले, इकडे पाऊस थांबत नव्हता, आणि झोला, कोना, सावंगी, भुरकी, कवडशी ही काठावरची गावे पाण्याने वेढली गेली. पाटाळ्याच्या पुलावरून वरोऱ्याकडे जाणारी वाहतूक बंद पडली. माणसे ढोरांना घेऊन, हाती लागतील ती पोती उचलून शाळांत आणि नातेवाइकांकडे आली.

वणीतून मदत निघायला वेळ लागला नाही. शिक्षक, औषध दुकानदार, कॉलेजची मुले, खाणीतली पाळी संपवून आलेले कामगार असा आमचा गट जमला. मी करोनापासून पुण्याच्या एका कंपनीचे काम वणीतल्या घरूनच करत होतो आणि कामांची आखणी हाच माझा रोजचा व्यवसाय होता. साहजिकच कोण कुठे जाईल, काय नेईल, हे ठरवायचे माझ्याकडे आले. पहिल्याच रात्री मी ट्रेलो या ॲपवर फळा उघडला. करायचे, सुरू आहे, झाले असे तीन रकाने; प्रत्येक कामाचे एक कार्ड; कार्डावर करणाऱ्याचे नाव. सगळ्यांना लिंक पाठवली आणि मला खरोखर वाटले की आता काही सुटणार नाही.

कार्डांची ही पद्धत सॉफ्टवेअरच्याही आधीची आहे. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ती बसवली. तिला कानबान म्हणतात. तिथे पुढच्या टप्प्यावरच्या कामगाराचे सुटे भाग वापरून झाले की त्याचे कार्ड मागच्या टप्प्याकडे जाते आणि तेवढेच भाग नव्याने तयार होतात. म्हणजे कार्ड हलते ते घेणाऱ्याच्या गरजेने. मी रोज कार्डे वापरत होतो, पण हे मूळ कधी समजून घेतले नव्हते. माझ्या फळ्यावर कार्ड सरकवत होता तो देणारा.

त्याचा परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. एका गावासाठी धान्य, तेल, मेणबत्त्यांचे किट घेऊन टेम्पो निघाला आणि भरून देणाऱ्या मुलाने वणीतूनच ते कार्ड ‘झाले’त टाकले. टेम्पो वाटेत नाल्यापाशी अडकला. त्याच संध्याकाळी एका व्यापाऱ्याने दुसरी गाडी देऊ केली. त्या गावाकडे पाठवू का, असे त्याने मला विचारले. मी फळा पाहिला आणि तिथले झाले म्हणून कळवले. गावात एक फोन करायला मिनिट लागले असते. किट पोचले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्या मुलाचा दोष नव्हता. ‘झाले’ म्हणजे नेमके काय, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

शिवाय अर्धा गट फळा उघडतच नव्हता. खाणीतून थकून आलेला माणूस नवे ॲप घेऊन, पासवर्ड बनवून, माझी अर्धी इंग्रजीतली कार्डे कशाला वाचेल? तो व्हॉट्सॲपवर विचारायचा आणि मी चिडून लिंक पुन्हा टाकायचो. गटात एक चित्र आणि फळ्यावर दुसरे, असे दोन आठवडे गेले. मला ते लोकांच्या शिस्तीचे प्रकरण वाटत होते.

ऑगस्टात पुन्हा पाणी शेतात शिरले. यावेळचे मी अजून विसरलेलो नाही. सोयाबीन आणि पऱ्हाटी पाण्याखाली होती, आणि तोवर अनेकांनी पीकविमा काढलेला होता. प्रधानमंत्री पीकविम्यात तेव्हा असा नियम होता की शेतात पाणी साचून नुकसान झाले, तर शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत त्याची सूचना द्यायची: ॲपवरून, टोल फ्री क्रमांकावरून, नाहीतर बँकेत वा कृषी कार्यालयात. पंचनामा ही वेगळी गोष्ट. तेव्हा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करत तो सरकारी मदतीसाठी. त्या वर्षी सरकारने ही मदत दुप्पट करून कोरडवाहूसाठी हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केली होती. दोन वाटा, दोन कागद, दोन मुदती.

मी कार्ड लिहिले: ‘पीक नुकसान, नोंद’. त्यावर तिघांची नावे टाकली, म्हणजे एक अडला तर दुसरा करेल. मुदतीचा रकाना रिकामा ठेवला, कारण काम तातडीचे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे असे मी धरून चाललो. त्या संध्याकाळी काठावरच्या एका गावातल्या कास्तकारांना मीच फोनवर म्हणालो, विम्याचे आमची पोरे करून देतील, तुम्ही आधी घर आवरा.

तिघांपैकी एक जण तलाठ्याला भेटला, पंचनाम्याची यादी करून आला आणि नोंद झाली म्हणून त्याने कार्ड ‘झाले’त सरकवले. दुसऱ्याने ते तिथे पाहिले आणि निश्चिंत झाला. तिसऱ्याच्या गावी नेटवर्कच नव्हते. त्याचे नाव कार्डावर आहे हेही त्याला माहीत नव्हते. मी त्याला विचारले नव्हते, नुसते नाव जोडले होते. चौथ्या दिवशी एका कास्तकाराने तक्रार क्रमांक मागितला, तेव्हा कळले की सूचना कुणीच दिलेली नाही. त्यानंतर आम्ही धावपळ करून विम्याच्या पावत्या गोळा केल्या. काहींच्या भिजल्या होत्या, काहींच्या बँकेत होत्या. सूचना गेल्या, पण उशिराच्या म्हणून त्या नामंजूर झाल्या.

मी गटात लिहिले: हे कार्ड कुणी बंद केले? सगळ्यांसमोर. पंचनाम्यासाठी दिवसभर चिखलातून फिरलेल्या मुलाने एवढेच उत्तर दिले, “मले वाटलं नोंद म्हणजे थेच.” आणि तो गटातून बाहेर पडला. त्याचे बरोबर होते. माझ्या तीन शब्दांत विम्याचा उल्लेखच नव्हता. नंतर मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, पण तो परत आला नाही.

गावातही गेलो. ओसरीवर चार-पाच जण होते. मी सगळे सांगितले, कार्डाचेही. एक वयस्क कास्तकार ऐकून म्हणाले, “मंग आमीच फोन केला असता ना, भाऊ. तुमी करतो म्हणाले म्हणून आमी थांबलो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आम्ही नसतो तर त्यांच्यापैकी काहींनी तरी तो फोन वेळेत केला असता. मदत करायला गेलेल्या माणसाने त्यांचे काम आपल्या अंगावर घेतले आणि मग ते एका फळ्यावर ठेवून दिले.

गट टिकला. फळाही आहे, पण तो आता आम्ही चौघेच पाहतो. बाकीच्यांना काम फोनवर सांगायचे आणि त्यांनी तोंडाने हो म्हटल्यावरच नाव लिहायचे. एका कार्डावर एकच नाव. दोघे लागत असतील तर कार्डे दोन. कामाचे नाव पूर्ण वाक्यात, मराठीत, आणि मुदत तासासकट. कार्ड बंद करते ती गावातली व्यक्ती, बहुतेक ठिकाणी आशा ताई किंवा बचत गटातली एखादी बाई. तिचा ‘मिळाले’ असा निरोप आल्याखेरीज आमच्यापैकी कुणी ते हलवत नाही. यात वेळ जातो आणि नव्या मुलांना ते जाचक वाटते. मी यावर अडून बसतो.

पावसाळ्याआधी विम्याच्या पावत्यांचे फोटो गोळा करायचे कामही आम्ही लावून घेतले होते. पण २०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठेवली, त्यामुळे ७२ तासांच्या सूचनेची ती वाटच उरली नाही. आता फळ्यावर त्या जागी ई-पीक पाहणी आणि शेतकरी ओळख क्रमांकाची कार्डे आहेत. काठावरच्या काही गावांत अजून रेंज मिळत नाही, तिथे मुलगा धुऱ्यावर जाऊन कास्तकाराच्याच फोनवर, कास्तकाराच्याच हाताने पाहणी नोंदवून घेतो.