माळ्यावरची विळी

आमच्या वाईच्या घरात, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, तांब्याच्या बंबाच्या आणि सणावारालाच खाली उतरणाऱ्या मोठ्या पातेल्यांच्या आड, एक विळी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. भाजी चिरायची झाली की आई स्टुलावर चढून ती काढी आणि चिरणे आटोपले की धुऊन, पुसून, पुन्हा गुंडाळून वर ठेवी. दिवसातून दोनदा चालणाऱ्या या खटाटोपाचे कारण आम्हां मुलांना कोणी कधी सांगितले नाही, तरी ते आम्हांला ठाऊक होते. माझी थोरली आत्या, जिला सारे घर आक्का म्हणे, माजघरातल्या खांबाला पाठ लावून बसलेली असे. इतरांना ऐकू न येणारी माणसे तिच्याशी बोलत, ती त्यांना हळू आवाजात उत्तरे देई, आणि क्वचित एखाद्या दुपारी त्यांच्या बोलण्याने ती इतकी भिऊन जाई की आई तिचा हात धरून तासभर तिच्यापाशी बसून राही. डॉक्टर त्या व्याधीला छिन्नमनस्कता म्हणत. आळीतली माणसे ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणत, आणि त्यांतले हितचिंतक तिला येरवड्याला पाठवण्याचा सल्ला देत. आक्काने उभ्या हयातीत कोणावर हात उगारला नाही. विळी मात्र तिचे डोळे मिटेपर्यंत माळ्यावरच राहिली.

इंग्लंडातील एका खटल्याची हकीकत वाचीत असताना ती विळी मला पुन्हा दिसू लागली, आणि तेव्हापासून तो खटला माझ्या मनातून गेलेला नाही. ७ ऑगस्ट १९८५ रोजी सकाळी, इसेक्स परगण्यातील टॉलशंट डार्सी या गावाजवळच्या व्हाइट हाउस फार्म नावाच्या शेतघरात, नेव्हिल आणि जून बॅम्बर हे ६१ वर्षांचे दांपत्य, शीला कॅफेल ही त्यांची २८ वर्षांची दत्तक कन्या आणि तिचे ६ वर्षांचे जुळे मुलगे, असे पाच जण रायफलीच्या गोळ्यांनी मृत्यू पावलेले आढळले. एकंदर २५ गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. दांपत्याचा दत्तक पुत्र जेरेमी काही मैलांवर राहत असे. त्याने पहाटे साडेतीनच्या सुमारास पोलिसांना दूरध्वनी करून कळवले होते की, वडिलांचा आपल्याला फोन आला, शीला बेभान झाली आहे आणि बंदूक तिच्या हाती आहे. पोलीस उजाडेपर्यंत बाहेर थांबले. दार फोडून आत शिरले तेव्हा शीला आईवडिलांच्या शयनगृहात पडलेली होती. गळ्यात दोन गोळ्या, अंगावर रायफल, शेजारी बायबल. त्याच वर्षी मार्च महिन्यात ती छिन्नमनस्कतेवरील उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाली होती.

एवढे पुरेसे झाले. तपास अंमलदारांच्या मनात निकाल लागला आणि पंचनाम्याचे काम त्या निकालाच्या मागून, त्याच्या सोयीने, चालत आले. रक्ताने भिजलेले गालिचे पोलिसांनीच काही दिवसांत जाळून टाकले. बंदुकीचा आवाज दाबणारी नळी घराच्या झडतीत त्यांच्या हाती लागली नाही, ती तीन दिवसांनी नातलगांना बंदुकांच्या कपाटात सापडली. वर्तमानपत्रांनी शीलाने पूर्वी मॉडेल म्हणून केलेले काम आणि तिचा आजार एका दमात छापला. वेडाच्या भरात घडलेल्या कृत्याला हेतू शोधावा लागत नाही आणि क्रम जुळवावा लागत नाही, अशी आपली समजूत असते. म्हणून ज्या घरात एक मनोरुग्ण आहे त्या घरात पाच प्रेते सापडली तरी प्रश्न विचारण्याची निकड कोणाला भासत नाही.

पुढे सारेच उलटले. सुमारे महिन्याभराने जेरेमीच्या त्या वेळच्या मैत्रिणीने पोलिसांत जाऊन त्याच्याविरुद्ध जबानी दिली. त्या नळीत रक्त मिळाले होते, आणि स्वयंपाकघरातल्या चुलाण्यावरील फळीचा तांबडा रंग तिच्यावर लागलेला होता. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की, नळी बसवलेल्या त्या लांब रायफलीचा चाप शीलाच्या हाताला पोहोचणे शक्य नव्हते, आणि नळी नंतर काढली म्हणावी तर मेलेल्या बाईने ती कपाटात नेऊन ठेवली असे होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये चेम्सफर्डच्या न्यायालयात ज्यूरीने १० विरुद्ध २ अशा बहुमताने जेरेमीवरील पाचही खुनांचा गुन्हा शाबीत धरला. त्याची अपिले १९८९ आणि २००२ मध्ये फेटाळली गेली. त्याला आमरण तुरुंगवास आहे, आणि आपण निरपराध आहोत हे त्याचे म्हणणे आजतागायत कायम आहे. त्या म्हणण्याला पाठिंबा देणारे लोकही इंग्लंडात थोडेथोडके नाहीत.

चाळीस वर्षे चाललेल्या या वादात मला जे अस्वस्थ करते ते निराळे आहे. जेरेमीला निर्दोष मानणारे शीलाच्या आजाराचे कागद पुढे करतात: सैतानाने आपल्याला ग्रासले आहे असे ती म्हणाली होती, मुलांविषयी तिच्या मनात भयंकर विचार येत, मग आणखी पुरावा तो कोणता हवा? हे मतलबी आहे हे सहज कळते. पण तिची बाजू घेणारे काय म्हणतात? ती स्वभावाने गरीब होती, मुलांवर तिचा जीव होता, औषधांनी ती मंदावली होती, तिच्या हातून असे होणेच नाही. हे सारे मायेने म्हटलेले आहे, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनीही न्यायालयात जवळपास असेच सांगितले; तरीसुद्धा ते वाचताना मला आत कुठे तरी टोचते. कारण या दोन्ही पक्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शीलाला नव्हे, तिच्या व्याधीला उभे केले आहे. एकाने व्याधीकडून कबुली घेतली आणि दुसऱ्याने तिच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून घेतला. ती तिच्या भीतीविषयी जे बोलली ते दडवून तिचा बचाव करावा असे मला मुळीच वाटत नाही. डोक्यात भयंकर विचार येणे हा तिच्या यातनेचा भाग होता. तो विचार आणि ते कृत्य यांच्यामधले अंतर पुराव्याने ओलांडावे लागते, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्या शहाण्या समजल्या जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत जसे ओलांडावे लागते तसेच तिच्याही बाबतीत.

तो पुरावा होताच की! रायफलीच्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या मावत, म्हणजे २५ गोळ्या झाडणाऱ्या हाताने ते किमान दोनदा तरी पुन्हा भरलेले असणार; शीलाच्या बोटांची नखे शाबूत होती. स्वयंपाकघरात सहा फुटांहून उंच अशा नेव्हिलशी मोठी झटापट झाल्याच्या खुणा होत्या. शीलाची पावले स्वच्छ होती. हे सारे हातापायांविषयीचे आहे, त्यासाठी कोणाच्या मनात शिरावे लागत नाही, आणि ते पहिल्याच सकाळी समोर होते. मला ज्यूरीचा निर्णय पटतो तो या गोष्टींसाठी. आणि त्या निर्णयाभोवती आजही जो संशय रेंगाळतो आहे त्याचा पुष्कळसा दोष मी त्या पहिल्या आठवड्यातल्या घाईला देतो, कारण जे जळाले ते आता कोणाच्याच बाजूने बोलू शकत नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत लोकांच्या समजुतीहून अधिक सुज्ञ आहे, हे नमूद केले पाहिजे. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ ने, ज्याचा आशय आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आला आहे, आजाराचे नाव कधीच पुरेसे मानले नाही. कृत्य करतेवेळी त्या इसमाला कृत्याचे स्वरूप, किंवा ते अयोग्य वा बेकायदा आहे हे, समजत होते की नाही, एवढेच ते विचारते. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा जीव घेतला. त्याला जन्मठेप झाली, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला याच कलमाखाली निर्दोष ठरवले. न्यायालयाने त्याचा आधीचा आणि नंतरचा औषधोपचार पाहिला, वडिलांच्या आजाराचा इतिहास पाहिला, आणि दिवसाढवळ्या घडलेल्या त्या प्रकारानंतर तो लपला नाही की पळाला नाही, हेही पाहिले. निकाल कोणाला मान्य होवो न होवो, तिथे माणूस तपासला गेला.

आमच्या घरात एकदा आईची सोन्याची पाटली नाहीशी झाली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. कोणी कोणाला काही विचारले नाही; वडील सरळ माजघरात गेले आणि त्यांनी आक्काची ट्रंक उघडून जमिनीवर पालथी केली. लुगडी, एक फणी, तिच्या लग्नातली कुंकवाची चांदीची कोयरी, माझे फाटलेले अंकलिपीचे पुस्तक, एवढाच मुद्देमाल निघाला. आक्का खांबाला टेकून पाहत होती. तिसऱ्या प्रहरी पाटली तांदळाच्या डब्यात सापडली. गावाला जाताना आईनेच ती तिथे ठेवली होती आणि विसरली होती. घरभर सुटकेचा निःश्वास निघाला. ‘बरं झालं, या वेळी आक्कानं काही केलं नव्हतं,’ असे काकू म्हणाल्या, आणि त्या ‘या वेळी’त काही वावगे आहे असे तेव्हा कोणालाही वाटले नाही, मलाही नाही.

पाटली सापडल्याचे तिला सांगायचे मात्र राहून गेले. दिवेलागणीला मी माजघरात गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून एकेक लुगडे मांडीवर घेत होती, त्याचे काठ काठाशी जुळवून हाताने चूण काढीत होती, आणि ट्रंकेत ठेवीत होती. माझे पुस्तक तिने सर्वांत शेवटी, वर ठेवले.