ट्रम्पेटवाला घरी काय ऐकतो?

संपादकांनी विषय दिला तो असा : ‘तुम्ही ब्रासवाले घरी गेल्यावर काय ऐकता, त्यावर लिहा.’ वाचक संगीतातले असतीलच असे नाही, तेव्हा तांत्रिक फार नको, अशी सूचनाही सोबत होती. ती मी जमेल तितकी पाळीन. पूर्ण पाळणे कठीण आहे, कारण आमच्या ऐकण्याची आवड वाद्याच्या नळीशी आणि ओठांशी बांधलेली असते आणि त्यांच्याबद्दल न बोलता ती उलगडून सांगता येत नाही.

पितळी वाद्य वाजवणारा माणूस म्हणजे मोठ्या आवाजाचा शौकीन, घरीही तो तसेच काही दणदणीत लावून बसत असणार, अशी लोकांची समजूत असते. मी आधी लष्करी बँडमध्ये होतो, नंतर मुंबईत रेकॉर्डिंगला वाजवले, आता पुण्यात शिकवतो. इतक्या वर्षांत शेजारी बसलेल्या वादकांपैकी घरी ट्रम्पेट ऐकणारे फार थोडे भेटले. आमच्या बँडमधला युफोनियमवाला सुट्टीच्या दिवशी खाटेवर पडून फक्त बालगंधर्व ऐकायचा. स्टुडिओत एक वयस्कर गोवेकर ट्रॉम्बोनवादक होते, आम्ही त्यांना अंकल म्हणत असू. त्यांच्या घरी इटालियन ऑपेरा चालू असे, त्यातही बायकांचे आवाज. लग्नाच्या बँडच्या एका मास्तरांकडे भीमसेनजींच्या अभंगांच्या कॅसेटी होत्या. सिझनमध्ये रोज तीच ती गाणी वाजवून आल्यावर अंगावरचा बँडचा कोट न उतरवताच ते कॅसेट लावत. वाद्ये वेगळी, घरे वेगळी, कमाई वेगळी. पण ऐकत होते सगळे गाणाऱ्यांना.

याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. पेटीची पट्टी दाबली की सूर येतो, मग दाबणाऱ्याच्या डोक्यात तो असो वा नसो. ट्रम्पेटला तीनच पिस्टन. नळी सगळी सरळ केली तर सुमारे १.४८ मीटर भरते. एकही पिस्टन न दाबता, नुसत्या ओठांच्या ताणाने आणि फुंकीने, तिच्यातून सा, त्यावरचा प, मग वरचा सा, त्याचा ग, प आणि पुढे तारेचा सा निघतो. बोटे जागची हलत नाहीत. यातला नेमका कोणता सूर निघायचा हे ओठ ठरवतात आणि ओठांना हुकूम कानाचा असतो. फुंकण्याआधी सूर आत ऐकू आला नसेल तर ओठ भलत्याच ताणावर धरले जातात आणि सूर फुटतो. भर सभागृहात ट्रम्पेटचा सूर फुटला की लोक म्हणतात, दम कमी पडला. बहुतेक वेळा दम भरपूर असतो. सूर आधी ऐकलेला नसतो.

शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ या काळात ट्यूबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स जन्मभर हेच शिकवत राहिले : मनात गाणे हवे आणि बाहेर हवा हवी, स्नायूंचा विचार करत बसू नका. जगभरचे ट्रॉम्बोनवाले ज्या पुस्तकातून रियाज करतात, तेही मुळात ट्रॉम्बोनचे नाही. मार्को बोर्दोन्यी या इटालियन गायकाने गळ्यासाठी केलेल्या स्वररचना जोआनेस रोशू यांनी १९२८ साली ट्रॉम्बोनसाठी बसवल्या, त्या आजही चालू आहेत. आपल्याकडे गोव्यात चर्चच्या शाळांतले संगीतशिक्षक वाद्य हातात देण्याआधी मुलांकडून स्वरलिपी वाचून गाऊन घेत. हिंदी चित्रपटसंगीतात गोवेकरांच्या ब्रासला जो गोलवा आहे, त्याचे श्रेय मी या आधी गाण्याच्या शिस्तीला देतो.

जॅझमधल्या ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगचे उदाहरण द्यायलाच हवे. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना इथे त्याचे घर होते, आता ते संग्रहालय आहे. घरी बसून त्याने भरलेली शेकडो टेपची रिळे जपून ठेवली आहेत. त्यांच्या खोक्यांवर तो कात्रणे कापून, चिकटवून चित्रे तयार करी. न्यू ऑर्लिन्समध्ये तरुण असताना फोनोग्राफवर त्याने ऐकले ते कारुसो, गाल्ली-कुर्ची, तेत्राझिनी. सगळे ऑपेराचे गळे. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या सुरुवातीला, साथ थांबलेली असताना तो एकटा जी लांब तान घेतो, तिच्यात मला ती गायिकांची चढण स्पष्ट ऐकू येते. आणि त्याचा आवडता वाद्यवृंद कोणता, तर गाय लोम्बार्डोचा. गोड, संथ, नाचायला सोपा. जॅझच्या समीक्षकांना हे फार खटके. मला त्यात खटकण्यासारखे काही दिसत नाही. लोम्बार्डोच्या वृंदात चाल स्वच्छ मांडलेली असे आणि आर्मस्ट्राँग चाल ऐकायला बसे.

ही देवघेव उलटीही झाली आहे. फ्रँक सिनात्रा टॉमी डॉर्सीच्या वृंदात गात असताना डॉर्सी ट्रॉम्बोनवर श्वास कुठे चोरतो हे पाहत राहिला आणि ओळ न तोडता लांबवायला शिकला. पुढे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने सांगून टाकले की वाक्य कसे टाकावे हे आपण सिनात्राकडून घेतले. ट्रॉम्बोनकडून गळ्याकडे आणि गळ्याकडून ट्रम्पेटकडे.

आता ज्यावर मला बोलू दिले नाही तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही, त्या वादाकडे येतो. आपल्या शास्त्रीय मंडळींत एक वाक्य कायम ऐकू येते : ट्रम्पेट काय आणि पेटी काय, दोन्ही ठरीव सुरांची वाद्ये, त्यांत ना श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) ना मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणे). आकाशवाणीवर १९४० पासून अनेक वर्षे पेटीला बंदी होती. त्या बंदीमागची बाजू मला समजते. पण त्याच आरोपात ट्रम्पेटला गोवणे हा अन्याय आहे.

वर सांगितलेले सूर पुन्हा पाहा. सा, प, सा, ग, प. हा जो ग पिस्टन न दाबता येतो, तो नळीतल्या हवेच्या कंपनांचा पाचवा अंश आहे. पेटीच्या गंधाराहून तो किंचित उतरलेला असतो. अर्ध्या सुराचे १०० भाग कल्पिले तर १४ भागांनी. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात पियानोबरोबर वाजवताना हाच गंधार ओठाने ओढून वर न्यावा लागतो. आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, वेगळा न छेडता, जो गंधार ऐकू येतो, तोही हाच, पाचवा अंश. म्हणजे ज्या गंधारासाठी आपण पेटीला नाकारले, तो गंधार ट्रम्पेटच्या नळीत जन्मजात आहे. (खऱ्या वाद्यात घंटेचा आणि माउथपीसचा आकार यात थोडा फरक पाडतो, हे मान्य. तो फरक ओठ भरून काढतात.) सहाव्या आणि आठव्या अंशांच्या मध्ये एक निषादही आहे, पेटीच्या कोमल निषादाहून ३१ भाग खाली. तो आम्ही सहसा टाळतो. पिस्टन दाबले की नळी लांबते आणि तीच साखळी खालच्या सुरावरून सुरू होते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले तर सूर चढा येतो, कारण दोन्ही जोडनळ्यांची लांबी मुळातल्या आखूड नळीच्या हिशेबाने कापलेली असते. म्हणून तिसऱ्या पिस्टनच्या नळीला एक कडी असते. डाव्या हाताची अनामिका त्या कडीत घालून वाजवता वाजवता ती नळी पुढे सरकवायची आणि सूर उतरवायचा. वाजवताना सूर कुठे ठेवायचा हे माणसावर सोपवणाऱ्या या वाद्याला ठरीव सुरांचे म्हणणाऱ्यांनी ती कडी एकदा हातात घेऊन पाहावी.

मींडेचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. ग वरून प वर ओठाने घसरत गेलो तर नळी मध्येच सुराला खेचून थेट पंचमावर नेऊन टाकते. पिस्टन अर्धे दाबून धरले की नळीची पकड सैल होते आणि सूर घसरू शकतो, पण आवाज दबतो, नाकातून आल्यासारखा होतो.

हे ज्याने सोडवले तो माणूस मेंफिसचा. जॉन हॅसेल आधी जर्मनीत संगीतकार स्टॉकहाउझेनकडे शिकला आणि १९७० च्या दशकात पंडित प्राणनाथांच्या किराणा गायकीने झपाटला. त्यांच्याकडे त्याने गळ्याची तालीम घेतली आणि मग तीच मींड ट्रम्पेटवर उतरवायला बसला. त्याच्या ‘व्हर्नल इक्विनॉक्स’ या अल्बममध्ये ट्रम्पेट फुंकलेला वाटतच नाही, कुणी तोंड मिटून आलाप करते आहे असे वाटते. किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी घर केले मिरजेत. आमच्या गावागावांत बँड आहेत. आणि हे काम करायला एका अमेरिकन माणसाला यावे लागले, याची मला खंत आहे. आमच्या बँडवाल्यांचे कान कमी नव्हते, त्यांचे ऐकणे त्यांच्या वाजवण्यात यावे असे कुणाला वाटलेच नाही. त्यांच्याकडून मागितले गेले ते ‘जोरात वाजवा’ एवढेच.

जोरात वाजवण्याची किंमत कान देतात. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटे उरतात. मिरवणुकीत ट्रॉम्बोनच्या तोंडापुढे चालणारा क्लॅरनेटवाला किती तास असतो ते वाचकांनीच आठवावे. घरी गेल्यावर काहीच ऐकत नाहीत असेही ब्रासवाले पुष्कळ आहेत. कान शिणलेले असतात, रात्री आत शिट्टी वाजत राहते. बँडच्या मालकांनी कानात घालायचे बोळे द्यावेत, हे मी वर्षानुवर्षे सांगतो आहे.

माझ्याकडे ट्रम्पेट शिकायला येणाऱ्या एका मुलाचा विचार मात्र सुटत नाही. सोळा-सतरा वर्षांचा, दम उत्तम, ओठ मजबूत. फोनमध्ये सगळे उंच सूर मारणाऱ्या ट्रम्पेटवाल्यांचे व्हिडिओ. कोण किती वर जातो हे त्याला पाठ. मी म्हटले, ‘ही ओळ आधी गाऊन दाखव.’ तो म्हणाला, ‘सर, मला गाता येत नाही.’ मी दर वेळी तेच सांगत राहिलो. शेवटी वडील येऊन म्हणाले, ‘सर, आम्ही ट्रम्पेटची फी भरतो, गाण्याची नाही.’ मुलगा गेला. मागच्या हिवाळ्यात एका कार्यक्रमात त्याला ऐकले. उंच सूर स्वच्छ लागले, टाळ्या पडल्या. मधल्या संथ ओळीत दोन सुरांमध्ये काही नव्हते. सूर होते, त्यांना जोडणारे ऐकणे नव्हते. माझ्या शेजारच्यांना ते जाणवले नाही. मग हे फक्त आमच्या कानांचे दुखणे आहे का, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचे उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही.

सध्या माझ्याकडे एक मुलगी येते, जिच्या आजीकडे किराण्याचे गाणे आहे. फोनवर काळी पाचचा तंबोरा लावून आम्ही नुसता गंधार धरतो. पेटीच्या जागेवर लावला की तो तंबोऱ्याशी थरथरतो, थोडा उतरवला की थरथर थांबते. तिला हे सांगावे लागले नाही. आता यमनची ग ते प ही मींड चालली आहे. अर्ध्या दाबलेल्या पिस्टनवर आवाज पातळ होतो, तो भरायला घसा मोकळा ठेवून हवा वाढवायची, आणि पंचम जवळ आला की पिस्टन हळूहळू सोडायचे. पहिला अर्धा भाग बरा येतो. पंचमाच्या तोंडाशी पिस्टन सुटताना सूर अजून उसळतो. तिथे आधी ओठ हलवायचे की बोटे, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.