अंगणातली कनू

यवतमाळ म्हटलं की आपल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोनच विषय निघतात. कापूस, नाहीतर शेतकऱ्यांच्या आत्महत्या. फार तर कुणीतरी टिपेश्वरच्या वाघाचा फोटो मोबाइलवर दाखवतो. पण ‘बोट’? समुद्र तिथून पाचशे किलोमीटर लांब! त्यामुळे माझा मावसभाऊ यवतमाळच्या घरी, मागच्या अंगणात, स्वतःच्या हाताने कनू बांधतोय हे कळल्यावर मी पहिल्यांदा हसले आणि दुसऱ्या मिनिटाला नागपूरची गाडी बुक केली.

कनू म्हणजे तीच हो, सिनेमात कॅनडाच्या तळ्यावर दिसते ती. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एका वल्ह्याने चालणारी. दादा दिवसभर बँकेत कर्जाच्या फायली बघतो. सुतारकामाचा त्याचा अनुभव म्हणजे बारावीनंतर एकदा ठोकलेलं पुस्तकांचं शेल्फ. ते अजून थोडं डावीकडे झुकलेलंच आहे.

पाणी आहे की!

यवतमाळचा नकाशा उघडून बघाच. एका अंगाला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. मधे बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस. बाभूळगाव तालुक्यात खडक सावंग्याला बेंबळाचं धरण, दिग्रसजवळ अरुणावतीचं, पुसदकडे पूस आणि पैनगंगेवर इसापूर. उमरखेडच्या बाजूला सहस्रकुंडचा धबधबा. आणि याच जिल्ह्याच्या मुख्य शहराने २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर टँकरच्या रांगा पाहिल्या. पाणी आहे आणि नाही, अशी ही दोन्हीकडून खरी गोष्ट!

बोटही इथे नवी नाही. नदीकाठची माणसं डोंग्याने पलीकडे जातात. भोई मंडळी धरणात जाळी टाकतात, काही जण तर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून. म्हणजे आपल्याला जे ‘वॉटर स्पोर्ट’ वाटतं, ते इथे पोटापाण्याचं काम आहे. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

लाकूड आत, काच बाहेर

पहिल्या फेरीत, नोव्हेंबरमध्ये, मला अंगणात बोट दिसलीच नाही. दिसला एक लांबलचक सांगाडा. सरळ बैठकीवर फूट-फूट अंतराने उभे केलेले प्लायवूडचे साचे, मधला सगळ्यात रुंद आणि टोकांकडे लहान होत गेलेले. बोट उलटी बांधतात, तळ आभाळाकडे. साच्यांवरून सहा मिलिमीटर जाड आणि पाऊण इंच रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत न्यायच्या. सोळा फुटांच्या कनूला अशा साठ-सत्तर पट्ट्या लागतात. मग रंधा, मग घासणी, मग परत घासणी...

ही पद्धत उत्तर अमेरिकेतली. तिथले मूळ रहिवासी भूर्ज झाडाच्या सालीच्या कनू बांधायचे. नंतर लाकडी आल्या आणि विसाव्या शतकात फायबरग्लास आल्यावर हौशी लोकांची लॉटरी लागली. कॅनडाच्या टेड मूर्सचं ‘कॅनूक्राफ्ट’ हे पुस्तक १९८३मध्ये आलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये कनू बांधणाऱ्यांची ती गीताच आहे.

पण लाकडाला काच कशाला? कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा आठवा. आतला नागमोडी कागद एकटा अगदी लेचापेचा. दोन्ही बाजूंनी कागद चिकटवला की तोच वजन पेलतो. इथे आत लाकूड, बाहेरून आणि आतून काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते चिकटवायला इपॉक्सी रेझिन. लाकूड दोन्ही थरांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतं, ताण काच घेते आणि पाणी आत शिरत नाही.

मिस्त्रीकाका आणि शिवण

परदेशात यासाठी सीडर वापरतात. यवतमाळमध्ये सीडर कुठून आणणार? दादाच्या डोक्यात अर्थातच सागवान होतं, जिल्ह्याची शानच ती. पण गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी मान हलवली. “सागवान कायले लावता? उचलता येईन का मंग?”

काकांचं गणित बरोबर होतं. सागवान जड असतं. शिवाय त्यात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी सॉल्व्हंटने पुसलं नाही तर रेझिन नीट धरत नाही. काकांनी सुचवली शिवण. हलकी, सरळ रेषांची आणि ऋतू बदलला तरी फारशी न वाकणारी. दादाने हिशेब केला: नुसत्या पट्ट्यांमध्ये सहा किलोचा फरक! सागवान लागलं ते फक्त काठाला आणि बैठकीला. एवढ्या लांबीच्या फळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून पट्ट्यांना तिरके सांधे देऊन त्या लांब केल्या.

रोज संध्याकाळी काका ‘सहज’ म्हणून डोकवायचे आणि तासभर रंधा मारून जायचे. सगळीकडे रेडिमेड फर्निचर आल्यापासून त्यांच्याकडे मुख्यतः दारं दुरुस्त करायचीच कामं येतात. मी पैशांचं विचारलं तर म्हणाले, “अवं, गोल काम कोनी सांगतच नाही आता. हात विसरून जाईन बाप्पा!” दादाने त्यांना रोजी दिलीच. पण ते यायचे ते रोजीसाठी नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

रेझिनची रात्र

दुसरी फेरी फेब्रुवारीच्या शेवटी. मुहूर्त ठरलेला, कारण यवतमाळच्या मे महिन्यात इपॉक्सी लावणं म्हणजे वेडेपणा. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो. खोल डब्यात मिश्रण तसंच ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरकट दगड होतं. म्हणून ते थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं.

आणि काम सकाळी नाही, संध्याकाळी. सकाळी ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. संध्याकाळी लाकूड निवत जातं आणि रेझिन आत ओढून घेतं. आहे की नाही सॉलिड फंडा?

साडेसहाला आम्ही हातमोजे आणि मास्क चढवले. बोटीवर काचेचं पांढरं कापड टाकलं, अगदी नव्या चादरीसारखं. दादाने मधोमध रेझिन ओतलं आणि रबरी पट्टीने कडेला सारायला सुरुवात केली. आणि कापड गायब! जिथे रेझिन पोचलं तिथे पांढरा रंग जाऊन खालची शिवण मधासारखी चमकायला लागली. मावशी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. काका पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

दिवाडीची मोठी बहीण

हे सगळं हौशी खूळ वाटत असेल तर गोव्याला चला. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ‘अ‍ॅक्वेरियस’ यार्डात याच तत्त्वावर, आत लाकडाच्या पट्ट्या आणि वर काच-इपॉक्सी, ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली. २००९मध्ये ती नौदलात आली. बांधकामावर पहिल्यापासून उभे राहिलेले कमांडर दिलीप दोंदे मुळात नौदलातले पाणबुडे. तीच बोट घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि एकट्याने जगप्रदक्षिणा करून १९ मे २०१०ला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी याच बोटीतून न थांबता जगाला वळसा घालून आले आणि २०१७मध्ये त्याच यार्डातून निघालेल्या ‘तारिणी’तून सहा महिला अधिकारी. दादाच्या भिंतीवर ‘म्हादेई’चा फोटो आहे. त्याच्या खाली मावशीने कॅलेंडर लावलंय.

मावशीची अट

मावशीचं माहेर वर्धा नदीकाठचं. १४ सप्टेंबर २०२१ला अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धेत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. ती बातमी तिच्या मनातून गेलेली नाही. “बोट किती छान दिसते ते मला सांगू नको,” ती दादाला म्हणाली. “उलटली तर काय होतं ते दाखव. मग जा.”

या वाक्याने डिझाइन बदललं. दोन्ही टोकांना बंद कप्पे आले, आत नुसती हवा. लाइफ जॅकेट आधी आणि वल्ही नंतर विकत घेतली. मावशीच्या सांगण्यावरून जॅकेट एक जास्तीचं.

तिसरी फेरी पावसाळा संपल्यावर. परवानगीचे सोपस्कार झालेले, बेंबळा भरलेलं. कनू काट्यावर २८ किलो भरली. दोघांनी सहज डोक्यावर घेतली. काठावर जाळी आवरणारे एक भोईकाका उठून आले आणि त्यांनी बोटीवर टिचकी मारली. “काच हाय म्हनता? फुटत नाही का?”

आधी परीक्षा. कमरेएवढ्या पाण्यात दादाने मुद्दाम बोट उलटी केली, सुलटी केली, काठोकाठ पाण्याने भरली. ती तशीच तरंगत राहिली आणि दादा तिला धरून उभा. मावशीने काठावरून सांगितलं, “परत कर.” त्याने परत केली. तिसऱ्यांदाही केली.

मग पाणी उपसलं. पुढच्या बैठकीवर कोण बसणार यावर मी बोलायच्या आत मिस्त्रीकाका चपला काढून बसलेसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा बोटीत. दोन्ही हातांनी सागवानी काठ घट्ट धरलेला. भोईकाका मला म्हणाले, “डोंगा जड रायते, पन वाऱ्यात स्थिर रायते. हा हलका हाय, वारा सुटला की वापस या म्हना.” दादाने ते लांबूनच ऐकलं आणि हात वर केला.

कसं जाल?

नागपूरहून यवतमाळ रस्त्याने साधारण १५० किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांनी मुंबई-नागपूर मार्गावर धामणगावला उतरून पुढे एसटी घ्यावी. धरणात बोट घालण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्या आणि मासेमारी करणाऱ्या मंडळींना विचारा. त्यांची जाळी पाण्याखाली असतात. अभयारण्यातल्या पाण्याचा विचारही नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि लाइफ जॅकेट बॅगेत नाही, अंगावर!