डोळे बांधून बुद्धिबळ : आधी ताकद की आधी पट्टी?

"डॉक्टर, मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळायला लावलं, तर त्याची स्मरणशक्ती वाढेल का?" गेल्या आठवड्यात एका आईने विचारलं. उत्तर देताना मी जरा अडखळलो, कारण हाच प्रयोग मी माझ्या घरी केला होता.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, बरा खेळायचा. मिगेल नायडॉर्फ यांनी १९४७ साली ब्राझीलमध्ये पट न पाहता एकाच वेळी ४५ डाव खेळले, हे मी वाचलं आणि रोज संध्याकाळी मुलाला पटाकडे पाठ करून बसवू लागलो. सात-आठ चालींनंतर घोडा कुठे आहे ते त्याला आठवायचं नाही. मी चिडायचो. महिन्याभरात संध्याकाळ झाली की त्याचं पोट दुखू लागलं. तपासण्यांत काहीच सापडलं नाही. दुखण्याचं मूळ माझ्या हट्टात होतं.

मग मी जरा वाचलं. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली मांडणी निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडली. मोहरे वाटेल तसे ठेवले, तेव्हा मात्र दोघांतला फरक जवळजवळ मिटला. म्हणजे निष्णात खेळाडूची स्मरणशक्ती सरसकट जास्त नसते. वर्षानुवर्षांच्या खेळाने त्याला मांडण्या ओळखीच्या झालेल्या असतात. आपण शब्द वाचताना अक्षरं सुटी लावत नाही, तसंच. म्हणूनच पट झाकला तरी त्याचा खेळ फारसा ढासळत नाही. पट न पाहता खेळणं हे ताकदीचं फळ आहे, बी नव्हे.

त्या आईला मी एवढंच सांगितलं : मुलाला पट पाहून भरपूर खेळू द्या. मोहरे न हलवता दोन-तीन चाली पुढचा विचार करायला सांगा, तेवढं पुरे. आणि ठरावीक वेळेलाच पोट दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा; तिथे काही निघालं नाही, तर त्या वेळी घरात काय चालतं तेही पाहा.

आमच्याकडची पट्टी कधीच सुटली. परवा जेवताना मुलाने शाळेत हरलेला अख्खा डाव पहिल्या चालीपासून सांगितला. पट तेव्हा कपाटात होता.