तापट सासरे, कुढी सून

‘स्वभावाला औषध नाही’ असं आमच्या घरात उठता-बसता म्हटलं जायचं. सासरे तापट. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत त्यांनी सगळी नोकरी काढली. कामाला वाघ, पण भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवून उठायचे. तासाभरात राग उतरायचा आणि नातवंडांना घेऊन ते वैनगंगेच्या घाटावर निघायचे. बाकीच्यांचा दिवस मात्र तोवर नासलेला असायचा. मी नेमकी उलट. तेव्हाच्या अहमदनगरहून लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आले. कुणी काही बोललं की मनाला लागायचं आणि मी आतल्या आत कुढत राहायचे. एकदा चर्चमधल्या एका बाईंनी ऐकवलं, “विश्वासणाऱ्यानं असं तोंड पाडून बसू नये. प्रार्थना कमी पडते तुझी.” आधी उदासी होतीच, त्यात अपराधीपणाची भर पडली.

पुढे महिलांच्या बैठकीत पाळकांनी स्वभावांवर अभ्यास घेतला. रक्त, पिवळं पित्त, काळं पित्त आणि कफ यांवरून माणसाची प्रकृती ठरते, ही जुन्या ग्रीक वैद्यांची कल्पना. त्यातून चार स्वभाव सांगितले गेले: बोलका-उत्साही, तापट-करारी, विचारी-खिन्न आणि शांत-संथ. अमेरिकन पाळक टिम लाहे यांनी 1966 साली यावर पुस्तक लिहिलं आणि ही मांडणी ख्रिस्ती घराघरांत पोहोचली. त्यांनी बायबलमधल्या पेत्राला उत्साही, पौलाला करारी, मोशेला खिन्न आणि अब्राहामाला शांत म्हटलं. बैठकीत सगळ्या जणी हसत एकमेकींकडे बोटं दाखवू लागल्या. तेव्हा पाळकांनी बजावलं, “हे चार कप्पे पवित्र शास्त्रात नाहीत. आजचं वैद्यकही पित्त-कफाचा तो हिशेब मानत नाही. एकमेकांना समजून घ्यायला उपयोग करा, शिक्के मारायला नको.”

मग त्यांनी एलीयाची गोष्ट काढली. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला आणि एका झुडुपाखाली बसून देवाजवळ मरण मागू लागला. देव त्याला रागावला नाही. त्याला झोपू दिलं. दूतानं दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं. बोलणं त्यानंतर झालं आणि पुढच्या कामाला अलीशासारखा सोबतीही मिळाला. हे अनेकदा वाचलेलं होतं, पण त्या दिवशी ते मला उद्देशून आहे असं वाटलं. उदासी म्हणजे अविश्वास नव्हे, हे मला कुणी सांगण्याआधी शास्त्रानंच सांगून ठेवलं होतं.

सासऱ्यांना वेगळा धडा लागू पडला. इफिसकरांस पत्रात राग येण्याला मनाई नाही, पण सूर्य मावळेपर्यंत तो बाळगू नये, असं सांगितलंय. त्यांनी ते शब्दशः धरलं. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेआधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे. “सूनबाई, चहा टाक. दोघांना.” कपबशी हातात घेऊन काही वेळ गप्प बसायचे, मग म्हणायचे, “सकाळी जास्त बोललो.” एवढंच. मीही मग मनात साठलेलं तिथल्या तिथे सांगायला शिकले. आवाज त्यांचा पुढेही चढायचा, पण ताटावरून उठणं थांबलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मी सासऱ्यांना वाचून दाखवायचे. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांना 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक मिशनरी भेटले आणि त्यांनी नवा करार वाचायला दिला. त्याच मार्गावर गोंदिया लागतं, जिथे आम्ही बालाघाटसाठी गाडी बदलतो. त्यामुळे सासऱ्यांना ती माणसं शेजारची वाटायची. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा. पण बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचा तापटपणा कसा होता, हे लक्ष्मीबाईंनी लपवलेलं नाही. सासरे ऐकताना हसायचे, मग विचारात पडायचे. गलतीकरांस पत्रात सहनशीलता, सौम्यता आणि आत्मसंयमन यांना आत्म्याचं फळ म्हटलंय. फळ एका रात्रीत धरत नाही, हे आमच्या घरानं पाहिलं.

आता महिलांची बैठक मी घेते. “माझा स्वभावच तसा,” असं एखादी सून म्हणाली की मी तिला सांगते, स्वभाव देवानं दिलेला, पण त्याचा काच घरच्यांना होऊ द्यायचा की नाही, हे रोज आपल्याला ठरवावं लागतं. आणि उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठायचा. तिला सोबत लागली तर मी जाते. विश्वास कमी म्हणून कुणी तिला हिणवलं, तर मी तिथेच अडवते.