बंधुतेच्या नियमावलीत एक शब्द



फॉर्मवर सात चौकोन होते. वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व. आमची तक्रार लिहून घेणारी मुलगी गोरी अमेरिकन होती, मनाने चांगली होती. पेन हातात धरून तिने विचारलं, "यातल्या कशावर खूण करू?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. जो आमच्याशी तसा वागला तो आमच्याच रंगाचा होता, आमच्याच देशाचा होता, एवढंच काय, आमचीच मराठी बोलणारा होता. "मग धर्मावर करू का?" तिने विचारलं. कागदावर तो हिंदू आणि आम्ही बौद्ध, म्हणजे जमलं असतं. पण त्याने आमचा धर्म विचारलाच नव्हता. त्याने आडनाव विचारलं होतं.

आम्ही तिघं महाराष्ट्रातले. एक नांदेडचा, एक कोल्हापूरचा, एक नागपूरची. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकायला आलो, त्यातला एक राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर. तिथे आम्ही एका सेवाभावी विद्यार्थी फ्रॅटर्निटीत दाखल झालो. तिचं नाव इथे घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. फ्रॅटर्निटी म्हटलं की आपल्याला सिनेमातल्या दारूच्या पार्ट्या आठवतात. पण तिथे दुसराही एक प्रकार आहे. गरजूंना धान्य वाटायचं, रक्तदान शिबिरं घ्यायची, लहान मुलांना शिकवायचं. 1925 साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात सुरू झालेली अल्फा फाय ओमेगा ही अशांपैकी सर्वात परिचित. आमची संस्था वेगळी, पण वळण तेच.

आम्ही का गेलो? खरं सांगायचं तर नावामुळे. फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुता. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतला शेवटचा आणि आपल्या समाजात सर्वात कमी पाळला जाणारा शब्द. तो शब्द पाटीवर लावलेली संघटना दिसली आणि आमचे पाय तिकडे वळले.

पहिले दोन महिने छान गेले. मग निधी गोळा करण्यासाठी दिवाळीचं जेवण ठरलं. आमच्यातली नागपूरची मैत्रीण कांदा चिरत होती. एका मराठी मुलाने सहज विचारावं तसं विचारलं, "तुझं आडनाव काय गं? गाव कुठलं? आणि स्कॉलरशिप म्हणजे कोट्यातली का?" तिने खरं ते सांगितलं. दहा मिनिटांत तिच्या हातातली सुरी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली आणि तिला सांगण्यात आलं, "तू भांडी बघ, स्वयंपाकाचं आम्ही बघतो." कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. आजूबाजूच्या अमेरिकन मुलांना तर ही कामाची वाटणी वाटली. पण आमच्या आज्यांनी जे सोसलं ते ओळखायला आम्हाला दुभाषी लागत नाही.

1916 साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते 25 वर्षांचे होते, म्हणजे आमच्याच वयाचे. त्या निबंधात त्यांनी केतकरांच्या इशाऱ्याची आठवण दिली होती. हिंदू जगात जिथे जाईल तिथे जात सोबत नेईल आणि मग जात ही जगाची समस्या होईल, असा तो इशारा. शंभराहून अधिक वर्षांनी तो एका अमेरिकन स्वयंपाकघरात आमच्यासमोर उभा होता.

तर चौकोन सापडला नाही म्हणून तक्रार नोंदवली गेली नाही. त्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, "नियमात नाही, मी काय करू?" त्या रात्री आम्ही संतापलो होतो. राजीनामे द्यायचे, सोशल मीडियावर लिहायचं, असं सगळं बोलून झालं. शेवटी नांदेडचा मित्र म्हणाला, "नियमात नाही ना? मग नियम बदलू. आपण कुणाची लेकरं आहोत?"

मित्रांनो, इथून पुढचा भाग कंटाळवाणा आहे, आणि तोच महत्त्वाचा आहे. आम्ही चॅप्टरची नियमावली उघडली, ज्याला आपल्याकडे सोसायटीचे उपविधी म्हणतात. पहिल्या पानापासून न वाचता आधी शेवटचं कलम वाचलं. नियम बदलायचा नियम काय आहे? तिथे लिहिलं होतं की दुरुस्ती लेखी द्यावी, त्यावर पाच सक्रिय सभासदांच्या सह्या असाव्यात, एका सभेत तिचं वाचन व्हावं, पुढच्या सभेत चर्चा आणि मतदान व्हावं, आणि हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश मतांनी ती मंजूर व्हावी. सभा चालवायची ती रॉबर्ट्स रूल्सप्रमाणे, म्हणजे 1876 साली एका लष्करी अभियंत्याने लिहिलेल्या सभाशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे. हे सगळं परकं वाटायचं कारण नव्हतं. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलंच होतं की बुद्धाच्या भिक्खू संघाला बैठकव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं ठाऊक होतं. आम्ही आमच्याच जुन्या घरात शिरत होतो.

सह्या पाच हव्या होत्या, आम्ही होतो तीन. चौथी सही मेक्सिकन वंशाच्या एका मुलाची. पाचवीसाठी आम्ही एका कृष्णवर्णीय मैत्रिणीकडे गेलो. जात म्हणजे काय हे आम्ही तिला समजावू लागलो, तेव्हा तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, "माझ्या आजीच्या काळात गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीजच्या घटनेत आम्हाला घ्यायचं नाही हे चक्क लिहिलेलं असायचं. 1948 साली अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या फाय कॅप्पा सायने एका काळ्या विद्यार्थ्याला घेतलं, तर राष्ट्रीय संघटनेने त्या शाखेवरच कारवाई केली. तुमच्याकडे लिहिलेलं नाही, एवढाच फरक. आण इकडे कागद." आम्ही तिला सांगितलं की 1946 साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ती हसली. म्हणाली, "म्हणजे ही ओळख जुनीच आहे."

आमची दुरुस्ती एका शब्दाची होती. भेदभाव न करण्याच्या कलमात 'वंश' नंतर 'जात' हा शब्द घालावा.

चर्चेच्या दिवशी तीन आक्षेप आले. तिन्ही भारतीय सभासदांकडूनच आले. ते तुमच्याही समोर कधीतरी येतील, म्हणून उत्तरांसह देतो.

पहिला आक्षेप: वंश आणि मूळ देश हे शब्द आहेतच, त्यात जात येते. कॅलिफोर्नियात 2023 साली जातिभेदविरोधी विधेयकावर गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला तोही असाच, की सध्याच्या कायद्यात हे आहेच. आमचं उत्तर साधं होतं. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द वेगवेगळे आहेत. वंशात जात आपोआप येत असती तर जातीचा इतका अनुभव असलेल्या संविधान सभेने दोन शब्द कशाला घातले असते? आणि खरोखरच येत असेल, तर मग स्पष्ट लिहायला हरकत कसली?

दुसरा आक्षेप: यामुळे एका समाजाकडे संशयाने बघितलं जाईल. आम्ही म्हटलं, नियमात कुठल्याही जातीचं नाव नाही. उद्या आम्ही कुणा ब्राह्मण सभासदाशी तो ब्राह्मण आहे म्हणून वाईट वागलो, तर हाच नियम त्याला आमच्याविरुद्ध वापरता येईल. लिंग हा शब्द नियमात आहे म्हणून सगळे पुरुष संशयित ठरले का?

तिसरा आक्षेप: आजवर एकही तक्रार नोंदलेली नाही, म्हणजे प्रश्नच नाही. याचं उत्तर त्या सात चौकोनांत होतं. चौकोनच नसेल तर खूण कुठे करणार?

युक्तिवादात आम्ही कमी पडलो नाही. ब्रॅंडाइस विद्यापीठाने 2019 साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 साली, सिएटल शहराने 2023 साली जात हा शब्द स्वीकारल्याचे दाखले दिले. तरीही मतदान झालं तेव्हा तीन मतं कमी पडली.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातंय. त्या मतदानात आमच्यातलीच एक तटस्थ राहिली. तीच, जिच्या हातातून सुरी काढून घेतली होती. चर्चेत एकाने विचारलं होतं, "असं नेमकं कुणाशी झालं? नाव सांगा." ती गप्प बसली, आणि तिच्याकडे न बघता आम्हीही गप्प बसलो. तिच्या खोलीतल्या दोघी सवर्ण होत्या. इंटर्नशिपची शिफारस करणारा सीनिअर तसाच. घरी वडिलांना तिने सांगितलं होतं की इथे जात नाही. हात वर केला असता तर एका क्षणात हे सगळं उघडं पडणार होतं. बाहेर आल्यावर आमच्यातला एक तिच्यावर चिडला. ती एवढंच म्हणाली, "दादा, शब्द तुम्हा तिघांचा, पण आडनाव माझ्या एकटीचं जाणार होतं."

ती बरोबर होती. चूक आमची होती. आम्ही नियमात शब्द मागितला, पण बोलणाऱ्याला संरक्षण मागितलं नाही. हक्क कागदावर देऊन तो वापरायची वाट न देणं, हेच तर आपण सरकारवर रोज आरोप करून सांगतो.

पुढच्या सत्रात आम्ही नवा मसुदा केला. तो तिनेच लिहिला. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, 'जात' हा शब्द. दोन, तक्रार गुप्त ठेवून करता यावी आणि ती ऐकणाऱ्या तिघांत तक्रारदाराच्या पसंतीचा एक सभासद असावा. तीन, कुणाही सभासदाला आडनाव, शिष्यवृत्तीचा प्रकार किंवा कुटुंबाची पार्श्वभूमी सांगायची सक्ती नसावी. याच काळात दुसऱ्या काही मुलांची वर्गणी हप्त्याने भरू देण्याची दुरुस्ती आली होती. दुकानात रात्रपाळी करून शिकणारी ही गोरी-काळी मुलं. पहिल्या वेळी आम्ही त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. या वेळी त्यांच्या मसुद्यावर आधी आमच्या सह्या झाल्या.

मतदानाच्या दिवशी ती उभी राहिली. तिने भाषण केलं नाही. ती म्हणाली, "मागच्या वेळी नाव विचारलं होतं. ते माझं आहे." आणि खाली बसली. दोन्ही दुरुस्त्या दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी मंजूर झाल्या. तो मराठी मुलगा विरोधात गेला. तो त्याचा हक्क होता आणि सभेत आम्ही त्याच्या हक्काचा मान राखला.

हा एका शाखेचा नियम आहे. राष्ट्रीय अधिवेशनात ठराव जायचा अजून बाकी आहे. याच देशात सेवाभावी फ्रॅटर्निटीत मुलींना अधिकृत प्रवेश मिळायला, अल्फा फाय ओमेगाच्या बाबतीत, 1925 पासून 1976 पर्यंत वाट बघावी लागली. त्यामुळे आम्हाला घाई आहे, पण भ्रम नाही.

शेवटी प्रश्न तुम्हाला, आणि आधी स्वतःला. महाराष्ट्रात आम्ही तिघंही संघटनांमध्ये वाढलो. जयंती मंडळं, अभ्यासमंडळं, वसतिगृहाच्या समित्या. त्यातल्या एकाही संघटनेची नियमावली आम्ही कधी वाचली नव्हती. काहींना ती नव्हतीच. अध्यक्ष वर्षानुवर्षं तेच, हिशोब त्यांच्या खिशातल्या वहीत, ताई फक्त स्वागतगीताला, आणि प्रश्न विचारणारा फुटीर. संविधान दिनाला उद्देशिका मोठ्याने वाचणाऱ्या आपल्या मंडळाची स्वतःची घटना कुठे आहे? ती बदलता येते का? तिच्यात तक्रार करणाऱ्या ताईसाठी चौकोन आहे का? भक्ती हा राजकारणात हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे, असं बाबासाहेबांनी त्याच 25 नोव्हेंबरच्या भाषणात बजावलं होतं. ते फक्त दिल्लीसाठी नव्हतं.

म्हणून या महिन्यात एक काम करा. आपल्या संघटनेची नियमावली मागा. नसेल तर लिहायला बसा. असेल तर शेवटचं कलम आधी वाचा. आणि मसुदा लिहिताना पेन त्याच्या हातात द्या, ज्याचं आडनाव पणाला लागणार आहे.

जय भीम!